पाठीखालचा हात

अवूसूचे दिवस लागले, की ट्यूनिसमधली बरी घरं दाराला कुलूप घालून समुद्राकडे निघायची. उन्हाळ्यातला सगळ्यांत कडक काळ तो. त्या दिवसांत समुद्राच्या पाण्यात औषध उतरतं, हाडांची दुखणी जातात, अंगावरचा नायटा जातो आणि ज्यांची कूस उजवत नाही त्यांची उजवते, असं सगळ्या बायका मानायच्या. लल्ला मन्नानाचं कुटुंब केलीबियाला यायचं. किल्ल्याला वळसा घालून पुढे गेलं, की जमिनीची जी चिंचोळी जीभ समुद्रात शिरते, तिच्यावर तेव्हा मोजकीच पांढरी घरं होती. त्यातलं एक त्यांचं. दारात अंजिराचं झाड, मागे गोड्या पाण्याची विहीर, वर सपाट गच्ची. पहाटे कोळ्यांच्या होड्या दिवे विझवत परतायच्या आणि मग दुपारपर्यंत लाटेखेरीज कसला आवाज म्हणून नसायचा. हवा स्वच्छ असली की समोर इटलीचं बेट दिसायचं. आता तिथे हॉटेलं झाली आहेत आणि वाळूवर छत्र्यांच्या रांगा लागतात. तेव्हा वाळूवर पहाटे फक्त बायकांचे पाय उमटायचे, कारण पुरुष उठायच्या आत बायकांनी अंघोळी उरकायच्या असत.

त्या वर्षी सामान बांधताना लल्ला मन्नाना सुनेला म्हणाली होती, "शेलबिया, हा शेवटचा अवूसू. पाण्यात नीट बस. मग बघू."

त्या 'बघू'मध्ये काय होतं ते शेलबियाला कळत होतं. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. नवरा हशमी सरकारी कचेरीत होता, स्वभावाने गरीब, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. पूर्वी असतं तर त्याने दुसरी केली असती आणि पहिली स्वयंपाकघरात राहिली असती. पण नव्या सरकारने कायदा करून दोन बायकांची सोय बंद केली होती. लल्ला मन्नाना हे उघड बोलून दाखवायची, जणू काही तिला सुनेचीच कणव होती. "जुनं राज्य असतं तर तुला कुणी हलवलं नसतं गं. बहिणींसारख्या नांदल्या असतात दोघी. आता यांनी ठेवलंय का काही?" नवी आणायची तर जुनीला कोर्टातून मोकळी करून माहेरी पाठवायची. आणि शेलबियाला माहेर म्हणावं असं काही उरलं नव्हतं. आईबाप गेलेले. भावाचं घर दोन खोल्यांचं, पोरांनी भरलेलं, आणि भावजय अशी की नणंद दोन दिवस राहिली तर तिसऱ्या दिवशी भांडी आपटायची.

म्हणून शेलबिया रोज पहाटे पाण्यात बसायची. सात लाटा बेंबीवरून जाऊ द्यायच्या, मग उठायचं, अशी रीत होती. ती सात झाल्या की पुन्हा सात घ्यायची. नणंद बेया, जी दर उन्हाळ्याला आपल्या नवऱ्याला ट्यूनिसला ठेवून आईकडे येऊन राहायची, काठावर बसून कलिंगडाच्या बिया थुंकत म्हणायची, "वहिनी, एवढं मीठ मुरलंय तुझ्यात, आता बरणीत घालून ठेवली तरी वर्षभर टिकशील."

शेलबिया हसायची. हसल्याशिवाय त्या घरात राहता येत नसे.

अवूसूच्या पहिल्याच आठवड्यात बेजाहून पाहुण्या आल्या. लल्ला तुर्किया नावाची एक जाडजूड बाई आणि तिची मुलगी दलंदा. बेजा म्हणजे गव्हाचा मुलूख, समुद्रापासून लांब. मुलीने समुद्र कधी पाहिला नव्हता. दारातून आत येण्याआधी ती तशीच अंगभर पांघरलेली पांढरी सफसारी सावरत वाळूपर्यंत पळत गेली आणि आईने हाका मारून परत बोलावली, तेव्हा तिच्या चपला भिजलेल्या होत्या. लल्ला मन्नानाने दोघींच्या गालांचे मुके घेतले आणि सुनेकडे हात करून म्हणाली, "ही आमची शेलबिया. हिच्या हातावर घर चालतं."

संध्याकाळी तिने शेलबियाला अंजिराखाली बोलावलं. आवाज खाली आणून सांगितलं, की मुलगी जलूलसाठी बघायची आहे. जलूल म्हणजे धाकटा दीर, फ्रान्सात कारखान्यात होता, हिवाळ्यात यायचा होता.

"हमाम असता तर मीच नेली असती तिला," लल्ला म्हणाली. "इथे कुठला हमाम? समुद्र हाच आपला हमाम. आणि माझे गुडघे पाण्यात उतरत नाहीत. तूच ने तिला. अंग बघ, केस बघ, तोंडाला वास येतो का बघ, चालताना पाय ओढते का बघ. बेयाला नको सांगायला, ती सगळ्या गावाला सांगेल. तुझी नजर चांगली आहे. मला येऊन खरं ते सांग."

शेलबिया त्या रात्री आनंदाने झोपली. इतक्या वर्षांत सासूने तिच्यावर असा भरवसा कधी टाकला नव्हता. घरात येणारी सून जिने पारखून घ्यायची, तिला घराबाहेर कोण काढील? तिने मनाशी हिशेब केला, की जाऊ येईल, जावेला मुलं होतील, त्यातलं एखादं आपल्या मांडीवर वाढेल. असंही घर भरतं. पुष्कळ घरं अशीच भरली आहेत.

मुलगी जलूलसाठी नव्हती. हे लल्ला मन्नानाला माहीत होतं, बेयाला माहीत होतं, हशमीला माहीत होतं आणि लल्ला तुर्कियालाही पक्कं माहीत होतं. फक्त शेलबियाला माहीत नव्हतं. आणि दलंदाला जे माहीत होतं ते अर्धंच. ती हशमीसाठी आली आहे हे तिला ठाऊक होतं. पण हशमीची बायको केव्हाच माहेरी निघून गेली, कागद तेवढे व्हायचेत, असं तिला सांगितलेलं होतं. शेलबिया तिच्या लेखी घरातलीच कुणी नात्यातली बाई, बिचारी विधवा असावी, घर सांभाळणारी.

एका छपराखाली राहून शेलबिया कोण हे दलंदाला कळलं नाही, यात नवल वाटण्यासारखं काही नाही. त्या घराण्यांत रीतच तशी होती. आईच्या देखत नवरा बायकोशी बोलत नसे, तिचं नाव घेत नसे, तिच्याकडे मान वळवून बघतही नसे. ते निर्लज्जपणाचं मानत. तहान लागली तर हशमी भिंतीकडे बघून म्हणायचा, "कुणी पाणी देईल का?" आणि शेलबिया पाणी आणून त्याच्याजवळ न ठेवता त्याच्या आईजवळ ठेवायची. पाहुणे असले की बायका एका खोलीत झोपायच्या आणि पुरुष गच्चीवर. शिवाय हशमी आठवडाभर ट्यूनिसलाच असायचा, शनिवारी यायचा. बाहेरच्या माणसाने महिनाभर पाहिलं असतं, तरी कोण कुणाचं ते उमगलं नसतं. लल्ला मन्नानाने या रीतीचा नेमका उपयोग केला होता. दलंदाशी ती एक शब्द खोटं बोलली नव्हती. ही आमची शेलबिया, एवढंच म्हणाली होती.

दुसऱ्या दिवसापासून शेलबिया आणि दलंदा पहाटे मिळून समुद्रावर जाऊ लागल्या. मुलगी पाण्याला भ्यायची. पहिल्या दिवशी गुडघाभर पाण्यात शेलबियाच्या मानेला मिठी मारून उभी राहिली आणि प्रत्येक लाटेला हसतही होती आणि रडतही होती. शेलबियाने तिचे केस पाहिले, जाड आणि काळेभोर. दात पाहिले. श्वासाला बडीशेपेचा वास यायचा, कारण ती सारखी बडीशेप चघळायची. चाल सरळ होती. हे सगळं शेलबिया सासूच्या वतीने पाहत होती, पण दोन-तीन दिवसांतच ती स्वतःच्या आनंदासाठी तिच्याबरोबर जाऊ लागली. मुलगी तिला 'लल्ला शेलबिया' म्हणायची. लल्ला हा मोठ्या बाईला मानाने लावायचा शब्द; शेलबियाला आजवर कुणी लल्ला म्हटलं नव्हतं.

तिने मुलीला पाण्यावर पडून राहायला शिकवायला घेतलं. छातीभर पाण्यात उभं राहायचं आणि एक हात तिच्या मानेखाली, एक पाठीखाली धरायचा.

"सोडू नका हं."

"नाही सोडत. आकाशाकडे बघ."

"सोडलात तर मी मरेन."

"मरत नाहीस. मीठ आहे पाण्यात, मीठच तुला उचलतं. माझा हात नुसता नावाला आहे."

मग परतताना वाळूत बसून त्या भाकरी आणि अंजीर खायच्या. दलंदा बेजाच्या गोष्टी सांगायची. मळणीच्या दिवसांत गच्चीवर झोपलं की केसांत भूस कसं जातं, तिच्या धाकट्या दोन बहिणी एका चपलेवरून कशा भांडतात. शेलबिया ऐकायची. पुढे म्हातारपणी तिला कुणी विचारलं असतं, की तुझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस कुठले, तर तिला हेच दिवस सांगावे लागले असते, आणि सांगताना जीभ जड झाली असती.

समुद्रावरून आल्यावर विहिरीमागच्या आडोशाला गोड्या पाण्याने अंग धुवायचं. दलंदा कधी अंगावरचा लांब झगा काढायची नाही, तशीच वरून बादली ओतून घ्यायची. एका सकाळी झगा खिळ्याला अडकून बगलेपासून कमरेपर्यंत फाटला आणि शेलबियाला दिसलं. डाव्या बरगडीखाली तळहाताएवढं पांढरं कोड होतं. दुधासारखं पांढरं, कडा नकाशासारख्या वेड्यावाकड्या.

दलंदाने दोन्ही हातांनी झाकलं, पण उशीर झाला होता. ती ओल्या दगडावर खाली बसली आणि शेलबियाचे पाय धरले. म्हणाली, की आईने सगळे लेप लावून पाहिले, सगळ्या पीर-दर्ग्यांना नवस केले. ते वाढत नाही, जातही नाही. हे बाहेर फुटलं तर तिचं लग्न तर राहीलच, पण मागच्या दोघींनाही कुणी विचारणार नाही. लोक म्हणतील रक्तातच आहे. म्हणून तर बेजातल्या हमामात आई तिला नेत नाही, आणि म्हणून तर समुद्रावरचं बोलावणं आल्यावर आई लगेच हो म्हणाली. समुद्रात अंगावर कपडे असतात.

शेलबियाने तिला उठवलं. "मी काही पाहिलं नाही," ती म्हणाली.

"भाकरीची शपथ?"

"भाकरीची आणि मिठाची. पाहिलंच नाही तर सांगू काय?"

आणि तो झगा तिने स्वतः बसून शिवून दिला.

लल्ला मन्नाना अंजिराखाली बसून काटेरी निवडुंगाची फळं सोलत होती. तिने मान वर न करता विचारलं, "बोल."

"संगमरवर आहे, लल्ला."

"डाग?"

"तीळसुद्धा नाही."

"शपथेवर?"

एकाच तोंडाने दोन शपथा घ्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. "शपथेवर," ती म्हणाली. लल्लाने सोललेलं फळ आपल्या हाताने तिच्या तोंडात घातलं. फार गोड होतं.

शनिवारी हशमी आला. येताना नेहमीसारखे मोगऱ्याचे मशमूम घेऊन आला. मोगऱ्याच्या कळ्या गवताच्या काडीवर दोऱ्याने बांधून केलेले ते बारके गुच्छ, माणसं कानावर खोवायची. आईला एक, बहिणीला एक तो सगळ्यांसमोर द्यायचा. तिसरा जाता-येता मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून द्यायचा आणि शेलबिया तो अंधार पडल्यावर उचलायची. लग्नापासून हे असंच चालत आलं होतं. दोघांत कधी त्याबद्दल एक शब्द बोलला गेला नव्हता. त्या शनिवारी ती कट्ट्यावर हात फिरवत राहिली आणि हाताला नुसता चुना लागला. रविवारी पहाटे तिने पाहिलं, मशमूम दलंदाच्या वेणीत होता.

पोरीला खिडकीत सापडला असेल, घेतला असेल, शेलबिया मनाशी म्हणाली. राहू दे. शोभतोय तिला.

त्या दिवशी समुद्र तेलासारखा शांत होता. दलंदा आता बऱ्यापैकी तरंगायची, पण हात पाठीखाली असल्याशिवाय पाय उचलायची नाही. शेलबिया तिला नेहमीपेक्षा जरा आत घेऊन गेली होती. पाणी स्वतःच्या हनुवटीला लागत होतं.

"लल्ला शेलबिया, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"त्यांची बायको कशी होती हो?"

"कुणाची?"

"हशमींची." मुलीचे डोळे मिटलेले होते, उन्हामुळे. "आई म्हणते, तिचा विषयच काढायचा नाही. पण मला तिच्याच खोलीत राहायचंय ना. तिच्याच भांड्यांत शिजवायचंय. सारखं मनात येतं. जाताना फार रडली का ती?"

मुलगी पाण्यावर सपाट पडलेली होती, वेणी मोकळी होऊन चहूकडे पसरलेली, मोगरा तिच्या कानाशी भिजत होता. तिचं सगळं वजन शेलबियाच्या दोन तळहातांवर होतं आणि ते वजन काहीच नव्हतं. भोवती दूरपर्यंत कुणी नव्हतं. बेया काठावर पाठ करून केस पुसत होती. हात काढून घ्यायला जोर लागत नाही, धक्का द्यावा लागत नाही, काही करावंच लागत नाही. नुसते काढून घ्यायचे. हे शेलबियाच्या मनात आलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

"नाही रडली," ती शेवटी म्हणाली. "तिला कुणी सांगितलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मान मागे टाक. तोंडात पाणी जाईल."

तिने मुलीला काठावर आणलं, विहिरीवर नेलं, तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. रोजच्यासारखं सगळं केलं.

दुपारी घर झोपलं तेव्हा हशमी गच्चीच्या जिन्यावर जाळं नीट करत बसला होता. शेलबिया खालच्या पायरीवर उभी राहिली. दिवसाउजेडी, आईच्या घरात, ती त्याच्याशी अशी कधी बोलायला आली नव्हती. त्याने घाबरून आधी आईच्या दाराकडे पाहिलं.

तिने विचारलं, मुलगी कुणासाठी आली आहे.

त्याने जाळ्याची गाठ सोडवली, पुन्हा मारली. "आई म्हणते," तो म्हणाला.

"तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणणार? मी काही म्हटलेलं नाही." मग त्याने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. खरंच गोंधळलेला होता तो. "पण तूच सांगितलंस ना आईला, संगमरवर आहे म्हणून? मला वाटलं, तुला चालतंय."

शेलबिया जिना उतरून खाली आली. भांडी घासायची होती, ती घासली.

सोमवारी कुसकुस, म्हणजे ओल्या रव्याचे बारीक दाणे, वळायचा होता. वर्षाचा कुसकुस अवूसूच्याच उन्हात वाळवायचा, म्हणजे त्याला अळी लागत नाही. सगळ्या बायका सकाळपासून गच्चीवर बसल्या होत्या. मोठाल्या लाकडी काठवटी, रव्याची पोती, चाळण्या, पसरलेल्या पांढऱ्या चादरी. शेजारच्या गच्चीवर शेजारणी मिरच्या वाळत घालत होत्या आणि मधून मधून भिंतीवरून बोलत होत्या. लल्ला तुर्किया खुशीत होती. गव्हाच्या मुलखातली म्हणून ती सगळ्यांना हात कसा फिरवायचा ते शिकवत होती. बेया म्हणाली, की तुमच्याकडे पोरी पाळण्यातच कुसकुस वळतात वाटतं, आणि सगळ्या हसल्या. दलंदा शेलबियाच्या काठवटीला बसली होती. दोघींचे हात एकाच रव्यात फिरत होते. कधी बोटाला बोट लागत होतं.

गप्प बसलं तर आपण जातो. बोललं तर ही जाते. शेलबियाने रात्रभर यापलीकडे काही शोधून पाहिलं होतं आणि तिला काही सापडलं नव्हतं.

"लल्ला," ती म्हणाली, "माझी एक चूक झाली. एक गोष्ट सांगायची राहिली."

लल्ला मन्नानाचा हात चालूच होता. "काय?"

दलंदाची बोटं रव्यात थांबली. शेलबियाने तिच्याकडे पाहिलं नाही.

"डाव्या बरगडीखाली. कोड आहे. तळहाताएवढं."

शेजारच्या गच्चीवरचं बोलणं बंद झालं. लल्ला तुर्किया म्हणाली, खोटं आहे. मग पुन्हा म्हणाली, खोटं आहे, ही बाई जळते. लल्ला मन्नानाने तिच्याकडे लक्षच दिलं नाही. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, चादरींमधून वाट काढत आली आणि दलंदाला म्हणाली, "ऊठ, पोरी."

दलंदा उठली नाही. बेयाने तिच्या काखेत हात घालून तिला उभी केली. खोलीत नेऊ, असं कुणीतरी म्हणेल म्हणून शेलबिया वाट पाहत होती. कुणी म्हटलं नाही. लल्ला मन्नानाने तिथेच, उघड्या उन्हात, ओल्या रव्याने माखलेल्या हाताने मुलीचा झगा छातीपर्यंत वर केला. बाजारात बकरीचा कान उलटून बघतात तसं तिने बघितलं. अंगठा घासून पाहिला, की रंग निघतो का. शेजारच्या भिंतीवरून तीन-चार डोकी वर आली. मुलीने हात वर केला नाही, झाकलं नाही, रडलीही नाही. ती शेलबियाकडे बघत होती. झगा खाली पडला तेव्हा तिच्या कातडीवर रव्याचे दाणे चिकटलेले राहिले होते.

"शेलबिया," लल्ला मन्नाना म्हणाली, "पाहुण्यांना चहा कर. निघायचं असेल त्यांना."

मग मात्र लल्ला तुर्कियाला कंठ फुटला. ती म्हणाली, की आम्ही लपवलं तर तुम्ही काय उघड ठेवलंत? नांदती सून घरात ठेवून तिच्याच हातून आमच्या पोरीचं अंग तपासून घेतलंत. "बघ, दलंदा, नीट बघ," ती ओरडली, "ही तुझी लल्ला शेलबिया. हीच त्याची बायको."

दुपारी त्या गेल्या. भाजीवाल्याच्या गाडीत जागा मिळाली तशा गेल्या, भर उन्हात. बातमी शेजारच्या गच्चीवरूनच निघाली होती आणि बेजाला त्यांच्या आधी पोचली असावी. लल्ला तुर्किया पुढे जाऊन बसली. शेलबिया त्यांचं गाठोडं घेऊन दारापर्यंत आली होती, कारण गाठोडी उचलणं तिचंच काम होतं. दलंदाने ते तिच्या हातातून घेतलं.

"तुम्ही समुद्रातच सांगायचं होतं मला," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मीच घरी जाऊन आईला नाही म्हटलं असतं. कुणाला काही कळलं नसतं."

शेलबियाला हे सुचलं नव्हतं. रात्रभर शोधूनही सुचलं नव्हतं. गाडी किल्ल्याच्या वळणाआड गेली तरी ती तिथेच उभी होती.

हशमी संध्याकाळी पाहुण्यांसाठी म्हणून मासे घेऊन आला. एक दिवसाची रजा काढून राहिला होता तो. खोली रिकामी पाहिली, आईकडे पाहिलं. भिंतीकडे बघून म्हणाला, "कुणी पाणी देईल का?"

जेवणं झाल्यावर लल्ला मन्नानाने शेलबियाला अंजिराखाली बोलावलं. अंगठ्या घातलेला हात पुढे केला, शेलबियाने त्याचा मुका घेतला. लल्लाने तिच्या गालावरून हात फिरवला. शेलबियाला वाटलं, झालं. टिकलो आपण. जे केलं ते केलं, पण टिकलो.

"नजर आहे तुला," लल्ला म्हणाली. "तू नसतीस तर फसलो असतो. गुरुवारी झघवानहून येताहेत. मुलगी जरा सावळी आहे म्हणतात, पण सहा भावांची बहीण. तूच बघ."

शेलबियाने विचारलं, "जलूलसाठी?"

"आता कशाला विचारतेस? कळलंय ना तुला? बरंच झालं. काय बघायचंय ते कळलं की काम नीट होतं." ती थोडी पुढे झुकली. तिच्या आवाजात माया होती, आणि ती माया खोटी नव्हती. "हे बघ, मी तुला रिकाम्या हाताने नाही पाठवणार. या गच्चीवरचा अर्धा कुसकुस तुझ्याबरोबर देईन. भावजय तोंड वाकडं करायची नाही. तू आमचं खूप केलंस."

खाली समुद्राचा आवाज येत होता. वारा सुटला होता, उद्या लाटा असणार होत्या.

"तिला पोहता येतं का?" शेलबियाने विचारलं.

"डोंगरातली पोर ती. तिला कुठलं पोहता येतंय?"

"शिकवीन मी," शेलबिया म्हणाली, आणि दव पडायच्या आत कुसकुसवर चादर ओढायला गच्चीवर गेली.